दोन मिनिटं मौन

ही घटना खरी आहे.

पटली नाही तर सोडून द्या. मला कुणाला पटवायचं नाही. मी स्वतः असल्या गोष्टींवर हसणाऱ्यांतला होतो. आणि ज्या लोकांबद्दल लिहितोय, ते तर सोसायटीच्या मिनिट्सशिवाय कशावरच विश्वास ठेवत नाहीत.

गेल्या वर्षीची होळी. तेरा मार्च, गुरुवार. संध्याकाळचे पावणेआठ.

घाटकोपर पश्चिमेला टेकडीच्या पायथ्याशी आमची चौदा मजल्यांची बिल्डिंग आहे. तिचं नाव लिहीत नाही. तीन शब्दांचं आहे, तिन्ही इंग्रजी, आणि इथल्या अर्ध्या लोकांना त्याचा अर्थ सांगता येणार नाही.

तिथे आधी आमची चाळ होती. गिरण्यांत कामं केलेली कोकणातली माणसं. माझे वडील त्यातलेच. चाळ पाडली, टॉवर उभा राहिला. ए विंगमध्ये फ्लॅट विकत घेणारे आले, बी विंगमध्ये आम्ही, चाळीच्या बदल्यात घर मिळालेले. ए विंगच्या लॉबीत मार्बल, आमच्याकडे साध्या लाद्या. गेट एकच आहे, तेही त्यांना आवडत नाही.

मी सुयोग. बी विंगमधून कमिटीवर गेलेला पहिला माणूस. ए विंगवाले एकदा मला म्हणाले, तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो. मी ते कौतुक समजलो. घरी येऊन बायकोला, दीप्तीला, सांगितलंसुद्धा. ती उठून कुकर लावायला गेली.

आमचे चेअरमन विद्याधर. त्यांना सगळे सर म्हणतात. त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही. हेड ऑफिसात बसून रिटायर झाले आणि तिथली खुर्ची मनात घेऊनच इथे राहायला आले.

होळीच्या आधीच्या मीटिंगमध्ये सरांनी विषय काढला. बोंबाबोंब बंद. शिव्या बंद. आपण सुशिक्षित लोक आहोत, असं ते तीनदा म्हणाले.

नोटीस मी लिहिली.

'यंदाची होळी शांत, सुसंस्कृत व पर्यावरणपूरक. लाकूड, अपशब्द व आरडाओरडा यांस सक्त मनाई.' त्यातला 'यांस' माझा. मला तो भारदस्त वाटला होता.

सरांच्या बायकोने, मृणालिनीताईंनी, ग्रुपवर होळीचा खरा अर्थ टाकला. होलिका म्हणजे अहंकार, लाकडं म्हणजे विकार, अग्नी म्हणजे आत्मज्ञान. प्रल्हाद जणू ए विंगमध्येच वाढला होता, अशी एकंदर भाषा. खाली सत्तावीस लोकांनी हात जोडले. मीही जोडले.

एका माणसाला मात्र हे समजावून सांगायचं होतं. ते काम अर्थात माझ्यावर आलं.

शेवंतीकाकी. वय अठ्ठ्याहत्तर. बी विंग, तिसरा मजला, मुलगा नंदू इलेक्ट्रिशियन. चाळीत होळी लागली की पहिली बोंब काकीची. मध्ये एरंडाची फांदी, भोवती गोवऱ्या आणि पोरांनी पंधरा दिवस कुठून कुठून जमवलेली लाकडं. बायका पाणी घालत फेऱ्या मारायच्या, पुरणपोळी आगीत जायची, नारळ जायचा. मग काकी पुढे व्हायची. उलटा हात तोंडावर, आणि सुरू. एकेकाचं नाव घेऊन. वर्षभरात कोण कुणाशी कसं वागलं, सगळं बाहेर. शिव्या अशा की लिहिता येणार नाहीत. कुणी रागवायचं नाही. माझे वडील तर आपलं नाव कधी येतंय याची वाट बघत उभे राहायचे.

मी काकीकडे गेलो आणि नियम सांगितला.

ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"बोंब नाय, तर होळी लावतास कित्याक?"

मी ध्वनिप्रदूषणाबद्दल बोललो. मुलांवरच्या संस्कारांबद्दल बोललो. माझ्या तोंडून सरच बोलत होते, हे आता कळतं.

काकीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आग बघून ती येता. बोंब ऐकून जाता. तुमी नुसती आग लावतलास. येवक सांगतलास, आणि जा म्हणान कोण सांगतला?"

कोण ती, मी विचारलं.

शिमग्यात नाव घ्यायचं नसतं, एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली.

जिना उतरताना मला हसू आलं होतं. हे लपवत नाही.

गुरुवारी संध्याकाळी पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या आमच्या अंगणात, लोखंडी ट्रे ठेवला होता. त्यात पाच गोवऱ्या. ऑनलाइन मागवलेल्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळून आलेल्या. नंदू कुठूनतरी एरंडाची फांदी घेऊन आला होता. सरांनी ती बाजूला ठेवायला लावली. ए विंगमध्ये कुणाला तरी ॲलर्जी होती.

कापूर पेटला. सरांनी फोनवरून मृणालिनीताईंची चार पानं वाचून दाखवली. मग म्हणाले, आता बोंब मारण्याऐवजी आपण सगळे दोन मिनिटं मौन पाळू आणि आपल्यातली वाईट वृत्ती आत जाळू.

होळीपुढे मौन. श्रद्धांजली वाहावी तसं.

दोनशे माणसं डोळे मिटून उभी राहिली. शेवंतीकाकी नव्हती, ती घरातून खाली उतरलीच नाही. मी डोळे उघडे ठेवले, कारण फोटो काढायचं काम माझं होतं.

सुरुवातीला वाटलं, लोक खरंच गप्प आहेत. कौतुक वाटलं.

मग लक्षात आलं...

गोवऱ्यांचा आवाज येत नव्हता. ज्वाळा हलत होत्या, ठिणग्या उडत होत्या. तडतड नाही.

समोरून मेट्रो गेली. डब्यांचे दिवे सरकताना दिसले. आवाज नाही.

गेटबाहेर एक कुत्रा ट्रेकडे बघून भुंकत होता. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं.

काहीच ऐकू येत नव्हतं.

पुढच्या रांगेत मुलं उभी केली होती. अकरा मुलं, माझी सहा वर्षांची ऋतिका त्यांत. आणि मग...

अकराही मुलांनी एकदम मान वळवली.

डावीकडे, वर. कुणी हाक मारली की वळवतात तशी.

ऋतिकाने क्षणभर ऐकल्यासारखं केलं. मग मान हलवली. 'हो' म्हणताना हलवते तशी.

सरांच्या फोनचा टायमर वाजला. मेट्रो, कुत्रा, गोवऱ्या, सगळे आवाज एकदम कानांत शिरले. लोकांनी डोळे उघडले आणि टाळ्या वाजवल्या. होळीला टाळ्या.

मी फोटो ग्रुपवर टाकले.

दुसऱ्या दिवशी धुळवड. सकाळी मुलं खाली रंग खेळत होती. मी सातव्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीत चहा पीत उभा होतो. बराच वेळ बघत होतो. काहीतरी चुकत होतं, पण काय ते कळेना.

मुलं पळत होती. फुगे मारत होती. एकजण घसरून पडला, गुडघा फुटला, उठला आणि पुन्हा पळायला लागला.

कुणी ओरडत नव्हतं.

फुगे फुटल्याचे आवाज येत होते. चपलांचे येत होते. मुलांचा एकही नाही.

ग्रुपवर सरांचा मेसेज आला. 'यालाच म्हणतात कल्चर्ड धुळवड.' खाली अंगठे.

त्या दिवशी ऋतिका बोलली नाही. खेळून दमली असेल, असं आम्ही धरून चाललो. शनिवारी सकाळीही बोलली नाही. दुपारी तिचं बोट दारात सापडलं. नख काळंनिळं झालं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंड उघडं होतं.

आवाज नव्हता.

दीप्तीने तिला मांडीवर घेतलं आणि विचारलं, बाळा, तू बोलत का नाहीस?

ऋतिकाने दुसऱ्या हाताचं बोट वर केलं. छताकडे. मग तेच बोट ओठांवर ठेवलं.

डॉक्टरांनी घसा तपासला. सूज नाही, लाली नाही. घाबरली असेल म्हणाले, दोन दिवस वाट बघा.

घरी येऊन दीप्तीने बाकीच्या आयांना फोन लावले. तेव्हा कळलं. अकराच्या अकरा. सरांचा नातू केयूरही. काही घरांत तर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. एक आई म्हणाली, अगं, शांतपणे आयपॅड बघतोय, मी म्हटलं सुधारला. दुसरी म्हणाली की मौनाचा परिणाम असेल, मृणालिनीताईंना विचारते.

दोन दिवस पोरांच्या तोंडून शब्द नाही, आणि एवढ्या शिकलेल्या आईबापांना बरं वाटत होतं. मला त्यांची किळस आली. मग आठवलं की शुक्रवारी मलाही चहा शांतपणे पिता आला होता.

रविवारी दुपारी साडेबाराला मी ऋतिकाला घेऊन खाली निघालो. लिफ्ट येत नव्हती म्हणून जिन्याशी उभे होतो.

आमच्या वर आठवा मजला. तिथे अर्धा भाग मोकळा आहे. आग लागली तर लोकांनी जमायचं म्हणून ठेवलेला, रेफ्यूज फ्लोअर. आमच्या हुशार कमिटीने त्याला कुलूप लावलं होतं, कारण तिथे बी विंगची पोरं क्रिकेट खेळायची. किल्ली सरांकडे.

त्या कुलपामागून...

मुलं खेळत होती.

पळापळ. हाका. 'माझ्यावर राज्य नाही', 'चीटिंग', 'थांब ना'. भरदुपारी, उन्हात, दहाबारा पोरांचा दंगा.

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सुरू झाली बोलायला. त्या गोंगाटात ऋतिकाचं हसणं ओळखू आलं. हसता हसता तिला शेवटी उचकी लागते. तीही लागली.

मी दोन पायऱ्या चढलो.

मग हाताला ओढ बसली.

ऋतिका माझं बोट धरून उभी होती.

ती वर बघत होती. तोंड मिटलेलं. आपलं खेळणं दुसऱ्याच्या हातात दिसावं, तसा तिचा चेहरा झाला होता.

वरून पुन्हा तिचंच हसणं आलं. पुन्हा उचकी.

मी पोरीला उचललं आणि जिना उतरलो. कसा धावलो ते आठवत नाही. पाय शेवंतीकाकीच्या दारात थांबले.

नंदूने दार उघडलं. काकी आत कॉटवर बसली होती. मी काही सांगायच्या आधी तिने ऋतिकाला जवळ घेतलं, हनुवटी वर करून तिच्या तोंडात बघितलं आणि सोडून दिलं.

"आवाज गेलो नाय," ती म्हणाली. "तिना नेल्यान. पोरांच्या आवाजार खेळता ती."

मी काकीच्या पायाशी बसलो. तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने घातल्या नाहीत.

तिने सांगितलं ते असं. होळी लागते ती आपण कुणालातरी जाळायला, हे शाळेत सांगायला ठीक आहे. आमच्या गावातल्या बायका वेगळं सांगायच्या. थंडी संपताना एकजण फिरते. तिला पोरं लागतात. पोरांची हाडं-मांस नको, पोरांचं खेळणं-हसणं हवं. आग दिसली की ती जवळ येते. ती कशालाच भीत नाही, देवाला नाही, शस्त्राला नाही. घाबरते ती एकाच गोष्टीला. लाज सोडून ओरडणाऱ्या माणसांना. म्हणून बोंब. म्हणून शिव्या. म्हणून पोरांना त्या दिवशी वाटेल ते बोलायची मुभा.

नंतर मी शोधलं. पुराणातही अशी एक राक्षसी आहे, पोरांना छळणारी, आणि तिला घालवायचा उपायही हाच सांगितलाय, आग पेटवा, हसा, ओरडा, वाटेल ते बोला. म्हणजे बोंबेला शास्त्राचाही आधार होता. मृणालिनीताईंच्या चार पानांत मात्र ती राक्षसी नव्हती. घाणेरडं वाटलं असेल.

आता काय करायचं, मी विचारलं.

रंगपंचमीपर्यंत शिमगा असतो, काकी म्हणाली. तोवर मागून घेता येतं. त्याच होळीच्या राखेवर उभं राहून बोंब मारायची. ज्यांची पोरं त्यांनी मारायची. रंगपंचमीचा दिवस मावळला की मग नाही.

रंगपंचमी बुधवारी होती.

आणि राख नव्हती. मृणालिनीताईंनी ती ए विंगच्या लॉबीतल्या कुंड्यांत घातली होती. त्याचाही फोटो ग्रुपवर होता, 'राखेतून रोपाकडे'.

सोमवार आणि मंगळवार मी दारोदार फिरलो. आमचं सोडून दहा घरं. एका घरात मला काउन्सेलरचा नंबर दिला. एका घरात कोरड्या खोकल्याचं सिरप दाखवलं. एकजण, तो मोठ्या कंपनीत डायरेक्टर आहे, हळूच म्हणाला की रात्री त्याला वरून मुलाचा आवाज येतो, पण हे कुणाला सांगू नकोस, रीसेलवर परिणाम होईल.

मी सरांकडे रेफ्यूज फ्लोअरची किल्ली मागितली. त्यांनी लेखी अर्ज करायला सांगितलं.

त्यांच्या मागे केयूर सोफ्यावर बसला होता. छताकडे बघत. हॉलमध्ये सुद्धा ऐकू येत होतं, खूप वरून, बारीक. 'आजोबा, बघा ना. आजोबा.' केयूरच्याच आवाजात. सरांनी टीव्ही मोठा केला. माझ्याकडे बघितलं नाही.

त्यांना ऐकू येत होतं. मी शपथेवर सांगतो, त्या माणसाला ऐकू येत होतं.

बुधवारी संध्याकाळी सहाला मी चमचा घेऊन लॉबीतल्या कुंड्या उकरल्या. अर्धी माती, अर्धी राख. कॅमेऱ्यात सगळं आलंय. वॉचमन सहदेव बाजूला उभा होता. त्याने मला अडवलं नाही, दुसरा चमचा आणून दिला.

पोडियमवर आमचं धरून सहा घरांतली माणसं आली. बाकीचे खिडक्यांतून बघत होते. त्या सहांत सगळ्यांत शेवटी सरांची सून गंधाली आली, केयूरला कडेवर घेऊन, सासऱ्यांना न सांगता. तिच्या पायांत घरातल्याच सपाता होत्या.

राख फरशीवर पसरली. मुलांना मध्ये उभं केलं. नंदूने काकीला खुर्चीसकट खाली आणलं होतं.

मी उलटा हात तोंडावर घेतला.

आणि मला बोंब मारता येईना.

घशातून मीटिंगमध्ये निघतो तसा आवाज निघाला. गंधाली खोकल्यासारखं काहीतरी करून थांबली. डायरेक्टरसाहेबांनी तोंडावर हात ठेवला आणि खिडक्यांकडे बघून खाली घेतला. चाळीत जन्मलेला मी, बापाच्या खांद्यावर बसून ज्याने बोंबा मारल्या, तो मी तिथे उभा राहून लाजत होतो. पोर समोर मुकी उभी, आणि मी लाजत होतो.

सरांचा आवाज आला. ते लॉबीतून येत होते. हे ताबडतोब बंद करा, पोलिसांना बोलवेन, म्हणत.

सूर्य टेकडीमागे गेला होता. वर आठव्या मजल्यावर दंगा वाढला होता. आता तो सगळ्यांना ऐकू येत होता. खिडक्यांतली माणसं वर माना करून बघायला लागली.

शेवंतीकाकी खुर्चीवरून उठली. नंदूला बाजूला सारलं. राखेत पाय ठेवला.

पहिलं नाव माझं घेतलं.

"सुयोगा, मेल्या."

पुढचं लिहीत नाही. माझ्या नोकरीबद्दल होतं, नोटिशीबद्दल होतं, आणि माझ्या बापाने मला बघितलं असतं तर काय म्हटलं असतं त्याबद्दल होतं. एकेक शब्द खरा. मग सर. मग मृणालिनीताई. मग नाव घेऊन घेऊन अख्खी कमिटी, मजल्यामजल्याने. सर जागच्या जागी थांबले. त्यांना आयुष्यात असं कुणी बोललं नव्हतं.

आणि माझ्या आत काहीतरी सुटलं. मी ओरडलो. हात तोंडावर आपटत ओरडलो. दीप्ती ओरडली. तिच्या तोंडून मी कधी न ऐकलेले शब्द ओरडली. गंधालीने सासऱ्यांच्या डोळ्यांत बघून जी बोंब मारली, तशी मी चाळीतही ऐकली नव्हती. सहदेव ओरडला.

वरचा दंगा थांबला.

एकदम. दार लावल्यासारखा.

मग...

बी विंगच्या जिन्यात पावलं वाजायला लागली. अनवाणी, छोटी, पुष्कळ. वरून खाली. सहावा, पाचवा, चौथा. आम्ही ओरडत होतो आणि तरी ती ऐकू येत होती.

पहिल्या मजल्यापर्यंत आली.

जिन्याच्या दारातून कुणीच बाहेर आलं नाही.

त्याच क्षणी अकराही मुलं रडली. जोरात, कर्कश, नाकातोंडातून. पोडियमवरची सहा आणि बाकीची आपापल्या घरांतून, खिडक्यांतून. ऋतिका बोट धरून रडत होती. शनिवारी चेमटलेलं बोट, त्याचं रडणं तिला आत्ता आलं होतं.

मी तिला घट्ट धरलं. सर म्हणत होते, बघा, घाबरवलंत मुलांना. कुणीतरी त्यांना गप्प बसवलं.

नंदू आईकडे बघत होता.

काकी तशीच उभी होती. उलटा हात तोंडावर, तोंड उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या. तिची बोंब अजून चालू होती.

फक्त तिच्यातून आवाज येत नव्हता.

तो आजवर आलेला नाही. तीन डॉक्टर झाले. घसा धडधाकट आहे म्हणतात. काकी जेवते, फिरते, भाजी निवडते. तिच्या बदल्यात पोरं मिळाली, असं नंदू एकदाच म्हणाला. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

मी कमिटी सोडली. सोसायटीने मला दोन नोटिसा पाठवल्या, एक कुंड्यांबद्दल. घडलं ते सगळ्यांनी पाहिलं, सगळ्यांनी ऐकलं, आणि महिन्याभरात सगळे विसरले. आता विचारलंत तर सांगतील की गेल्या मार्चमध्ये मुलांच्या घशाची साथ होती.

आणि यंदा पुन्हा तीच नोटीस लागली. शब्द न शब्द. माझा 'यांस' सुद्धा.

यंदाच्या होळीला मी काकीला घेऊन पोडियमवर गेलो. तोच लोखंडी ट्रे, तशाच पाच गोवऱ्या. सरांनी पानं वाचली. मौन म्हणाले. लोकांनी डोळे मिटले. मी तोंडावर हात नेला.

माझ्या आधी मुलांनी बोंब मारली.

अकराजणांनी, एकदम. कुणी शिकवलं नव्हतं, ठरवलं नव्हतं. ऋतिका सगळ्यांत पुढे. मोठी माणसं कानांवर हात ठेवून उभी. मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मीही ओरडलो, घसा फाटेपर्यंत.

मुलं दमली. थांबली. मी थांबलो.

आणि मग...

एक बोंब चालूच राहिली.

वरून. आठव्या मजल्यावरून. म्हातारी, खरखरीत, लांबलचक. तिसऱ्या मजल्यापासून चौदाव्यापर्यंत प्रत्येकाने ओळखली.

शेवंतीकाकीचा आवाज होता.

काकी माझ्या शेजारी खुर्चीत बसली होती. ओठ मिटलेले. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले.

घरी सोडताना मी तिला विचारलं, काकी, वर तुझा आवाज तिला हाकलतोय ना अजून? राखण करतोय ना आमची?

काकीने मान हलवली नाही. ना हो, ना नाही. मग तिने तिच्या घराच्या दाराला आतून कडी लावली. झोपायच्या आधी ती कधी कडी लावत नाही.

तेव्हापासून ती बोंब रोज दिवेलागणीला येते. एकदाच. कमिटीने लिफ्टमध्ये कागद चिकटवलाय की संध्याकाळी ओरडणाऱ्या रहिवाशावर दंड आकारला जाईल. वर जाऊन बघायची त्यांची छाती नाही. माझीही नाही.

तो आवाज काकीने मागे ठेवलेला आहे, का आता ओरडायलाही दुसरीच कुणी शिकली आहे, मला माहीत नाही. आणि ओरडण्याला ती भीत नसेल, तर मग कशाला भिते, तेही माहीत नाही.

परवापर्यंत ती बोंब आठव्या मजल्यावरून यायची.

काल संध्याकाळी...

आमच्या मजल्यावरच्या जिन्यातून आली.

ऋतिका अभ्यास करत होती. तिने पेन्सिल खाली ठेवली, दाराकडे बघितलं आणि मला विचारलं, "बाबा, मी ओरडू का?"

मी उठलो आणि दाराला आतून कडी लावली.